‘पोरगं वाया गेलं’ म्हणायची घाई

दोस्तहो, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एक विषय हमखास निघतो. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची पोरं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण या विषयावर त्यांचं एकमत होतं. “त्या अनिकेतचं काय झालं ओ? लई हवा केलती.” मग कुणीतरी शेंगाची टरफलं झटकत निकाल देतो, “वाया गेलं पोरगं.”

अनिकेत जाधव. रिक्षावाल्याचा मुलगा. 2017 च्या ऑक्टोबरात भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात होता. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारत तेव्हा पहिल्यांदाच उतरला. अमेरिकेने 3-0 ने हरवलं, कोलंबियाने 2-1 ने, घानाने 4-0 ने. तीन पराभव घेऊन पोरं परतली, तरी आपण त्यांना डोक्यावर घेतलं. त्यातला एक आपल्या गावचा म्हटल्यावर तर विचारूच नका. पुढे तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावालाही जाऊन आला. तेवढ्यावर आपण ठरवून टाकलं की आता हा थेट छेत्रीच्या जागी.

तसं झालं नाही. पण जे झालं ते बघा तरी! इंडियन अॅरोज, जमशेदपूर, मग हैदराबाद. 2022 मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली, तेव्हा हा त्या संघात होता. त्याच वर्षी भारताच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळला. कोल्हापूरच्या किती पोरांना हे जमलंय? याला वाया जाणं म्हणायचं असेल, तर पायऱ्यांवर बसून निकाल देणाऱ्या आपल्या सगळ्यांना काय म्हणायचं, हे मी लिहीत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनाचे दोन प्रकार शिकवले होते, आकारिक आणि संकलित. पोर शिकत असताना त्याला घडवण्यासाठी करायचं ते आकारिक. सगळं शिकवून झाल्यावर निकाल लावायचा ते संकलित. आपण सतराव्या वर्षी संकलित निकाल लावला, तोही शंभरपैकी शंभर. नंतर पंचविशीत गुण कमी दिसले म्हणून बोंब मारतोय. आधीचा पेपर आपणच फुगवून तपासला होता, हे कुणी बोलत नाही.

त्याच संघातला अन्वर अली आठवा. हृदयाचा आजार निघाला, महासंघाने खेळू दिलं नाही, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा तो संपलाच असं किती जणांनी धरून टाकलं होतं. आज तो भारताच्या बचावफळीत उभा असतो. आणि जॅक्सन सिंग, ज्याने कोलंबियाविरुद्ध तो एकमेव गोल केला, तो मधल्या फळीतला. सतराव्या वर्षी कुणाचं पुढे काय होणार, हे प्रशिक्षकालाही कळत नाही. पायऱ्यांवरच्या पंचांना ते कळतं, हे मात्र नवल!

आता खरं दुखणं. अनिकेत मूळचा आघाडीचा खेळाडू. आयएसएलमधले क्लब गोल मारण्याचं काम बहुतेक परदेशी खेळाडूंवर सोपवतात, कारण प्रशिक्षकाला याच मोसमात निकाल हवा असतो. भारतीय पोराला मग कडेला ढकलतात, नाहीतर राखीव बाकावर बसवतात. वीस-बावीस हे वय रोज सामने खेळून चुका करण्याचं, आणि नेमकी तीच वर्षं शेवटची दहा-वीस मिनिटं मिळण्यात जातात. दिल्लीत नऊ नंबरची जर्सी घालायला आपल्याकडे कुणी का नाही, याचं उत्तरही इथेच आहे.

आणि आपल्या तालमी तरी काय वेगळं करतात? गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच मांडवाखाली बसवणारं हे गाव, माणसाला आपलं मानण्यात कुणाला हार जात नाही, त्याचा मला अभिमानच आहे. परदेशातून आलेल्या खेळाडूलाही आपण महिनाभरात आपला करतो. त्या पाहुण्या पोरांशी माझं भांडण नाही, ते पोटासाठी खेळतात. भांडण मंडळांशी आहे. चषकासाठी बाहेरून आघाडीवीर आणायचा, गल्लीतल्या अठरा वर्षांच्या पोराला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवायचं आणि मग “कोल्हापुरातून दुसरा अनिकेत का येत नाही” म्हणून गळे काढायचे.

आमच्या मोहल्ल्यांत फुटबॉलचा नाद कमी नाही. वर्गातली निम्मी पोरं दप्तरात बूट घेऊन येतात. दहावीला गुण कमी पडले की हीच पोरं घरच्यांच्या तोंडून हेच दोन शब्द ऐकतात, वाया गेला. पोरगं त्यानंतर मैदानावर यायचंच बंद होतं.

तेव्हा पुढच्या वेळी पायऱ्यांवर अनिकेतचा विषय निघाला, तर दोस्तहो, एवढंच विचारा: गेल्या हंगामात तुमच्या तालमीने एकोणीस वर्षांखालच्या किती पोरांना पूर्ण सामना खेळवला? उत्तर ऐकायला मीही तिथेच असेन.