इंजिन ऑईलचा जमाखर्च

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘फुली सिंथेटिक’ हे शब्द दिसले, की आपल्या घरांत दोन पक्ष पडतात. महाग तेच उत्तम, असे मानून एक निमूटपणे पैसे मोजतो; दुसरा ‘गळ्यात मारले’ म्हणून कुरकुरतो. गाडीसोबत आलेली पुस्तिका मात्र दोघांनीही उघडलेली नसते.

मिनरल ऑईल कच्च्या खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. त्याचे रेणू लहानमोठे असतात. सिंथेटिकचे रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले, बरेचसे एकसारखे असतात. त्यामुळे ते उष्णतेत अधिक टिकते, कमी उडते आणि गाळही उशिरा धरते. टर्बो इंजिनात हा फरक निर्णायक ठरतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो व त्याचे बेअरिंग याच तेलावर जगते. तेथे काटकसर करणे म्हणजे हजार वाचवून इंजिनच गहाण ठेवणे होय.

साध्या, जुन्या पेट्रोल गाडीचा हिशेब निराळा. उदाहरणादाखल धरू, की साडेतीन लिटर तेल लागते. मिनरल ४०० रुपये लिटर, सिंथेटिक ८००. फरक १,४०० रुपये. दर १०,००० किलोमीटरला तेल बदलल्यास हा जादा खर्च किलोमीटरमागे १४ पैसे पडतो. परंतु घर ते दुकान एवढीच फिरणारी गाडी वर्षात ४,००० किलोमीटरच धावते आणि तेल तर वर्षाला बदलावेच लागते. तेथे तोच फरक ३५ पैशांवर जातो! शिवाय अशा आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. पेट्रोलचा अंश व ओलावा तेलात उतरतो. सिंथेटिक असले तरी ही वार्षिक मुदत चुकत नाही. पुस्तिकेत मिनरलला मुभा असेल, तर अशा गाडीस मी तेच घालीन, परंतु तारीख टळू देणार नाही.

‘सिंथेटिक आहे, १५,००० पर्यंत चालेल’ हा गॅरेजमधील दिलासा वॉरंटीच्या काळात विशेष घातक. मुदत मोडली, तर इंजिनाचा दावा नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळते.

डब्यावरील ‘५ डब्ल्यू-३०’ ही खूण दाटपणाची असते, दर्जाची नव्हे; त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ती पुस्तिकेशी जुळवूनच घ्यावी. आणि कारचे उरलेले तेल मुलाच्या मोटारसायकलमध्ये ओतू नये. तिचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलाने तो घसरू लागतो.