दाराची बाजू आधी ठरवावी

युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या कॅरॅव्हनला, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या घरगाडीला, दार उजव्या अंगाला असते. हीच गाडी डावीकडून वाहतूक चालणाऱ्या ब्रिटनमध्ये आली की दार पदपथाऐवजी धावत्या वाहनांकडे उघडते. मुक्कामाच्या तळावरही पंचाईत होते. गाड्या ओळीने उभ्या असतात, दारापुढे तंबू ताणलेला असतो. उजव्या दाराच्या गाडीचा तंबू नेमका शेजाऱ्याच्या तंबूसमोर येतो आणि दोन्ही कुटुंबांचा आडोसा जातो.

दार हलवणे हे आयातीनंतर वर्कशॉपमध्ये करण्याचे काम नव्हे. भिंत बहुधा बाहेरून पत्रा, मधे फोम आणि आतून पातळ प्लाय अशा चिकटवलेल्या थरांची असते. तिला नवे भगदाड पाडले की ताकद घटते, सांध्यातून पाणी झिरपू लागते, शिवाय ओटा, कपाटे, फ्रिजचे झरोके सगळेच सरकवावे लागते. स्लोव्हेनियात नोव्हो मेस्तो येथे १९६५ पासून कॅरॅव्हन बांधणारी आद्रिया कंपनी ब्रिटनसाठीची गाडी कारखान्यातच डाव्या दाराची करते. तोच खरा मार्ग. भारतातही वाहतूक डावीकडून चालते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे परदेशी आराखडा समोर ठेवून काम करणाऱ्या इथल्या कारागिरांनीही पहिली रेघ मारण्याआधी दाराची बाजू ठरवावी.

आतली मांडणी हवामानावर ठरते. जर्मन किंवा फ्रेंच कुटुंब संध्याकाळी बाहेर बसते, म्हणून कायमचा पलंग आणि जेवणापुरते टेबल त्याला पुरते. ब्रिटिश गिऱ्हाईक पावसाची संध्याकाळ आत काढते. त्याला पुढच्या रुंद खिडक्यांखाली समोरासमोर दोन लांब बाकडी हवीत. रात्री मधल्या जागेत लाकडी पट्ट्या ओढायच्या, त्यांवर पाठीच्या गाद्या टाकायच्या, की दोघांचा बिछाना तयार. स्वयंपाकाची सवय याहून चिवट. तीन बर्नरची शेगडी कितीही चांगली असली तरी टोस्टसाठी ग्रिल आणि खाली ओव्हन नसेल, तर गाडीला स्वयंपाकघरच नाही असे त्याला वाटते.

विजेत नुसते सॉकेट बदलून भागत नाही. जर्मन दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. ब्रिटिश तीन पिनांच्या सॉकेटात फेज आणि न्यूट्रलच्या जागा ठरलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक जोडणी आणि अर्थिंग तपासून पाहावे लागते. गॅसच्या बाबतीत नव्या गाड्या ३० मिलिबारवर चालतात, पण जुन्या जर्मन गाड्यांतली उपकरणे ५० मिलिबारची आढळतात. उपकरणावरची पट्टी वाचल्याशिवाय रेग्युलेटर बदलणे हा जिवाशी खेळ आहे.

पाण्यासाठी ब्रिटिश गिऱ्हाईक ४० लिटरचा पिंप नळावरून ढकलत आणते आणि त्यात पंप सोडते. आत टाकी असलेल्या गाडीला बाहेरून अशी जोडणी दिली की काम होते.

या प्रत्येक भरीचे वजन गिऱ्हाइकाच्या सामानाच्या मुभेतून वजा होते. गाडी जागेवर हलवणारी मोटर एकटीच सुमारे ३० किलोची असते. तिच्यात ओव्हन आणि गालिचा मिळवले की कपड्यांना, भांड्यांना फारसे काही उरत नाही. म्हणून बदल पुरे झाल्यावर गाडी काट्यावर चढवावी आणि उरलेली मुभा विक्रीच्या कागदावर लिहून द्यावी.