आडवे होता न येणारा प्रत्येक रुग्ण तमकश्वासाचा नसतो

मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव संहितांत नाही, पण लक्षणे आपल्याला अपरिचित नाहीत. मांसशोष, स्फुरण, बोलण्यात अस्पष्टता, गिळताना ठसका. बहुतेक वैद्य या रुग्णाची गणना वातव्याधीत करतात आणि बृंहणाचा मार्ग धरतात. संप्राप्तीच्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. या रुग्णाचा अंत बहुधा कशाने होतो, हे चिकित्सा आरंभताना आपण ध्यानात घेतो का, एवढाच प्रश्न आहे. हातापायांच्या दौर्बल्याने तो होत नाही. श्वासपटल आणि इतर श्वसनपेशी थकल्याने होतो.

हे दौर्बल्य प्रथम रात्री प्रकट होते. झोपेत श्वास उथळ पडतो, रक्तात कर्बद्विप्राणिद वायू साठतो. रुग्ण वारंवार जागा होतो, सकाळी डोके जड असते, दिवसा पेंग येते. पुढे उताणे झोपवत नाही, उशा वाढत जातात, बसल्यावर बरे वाटते. आता चरकांनी वर्णिलेला तमकश्वासही आडवे होताच वाढतो व बसल्यावर हलका होतो. साम्य येथेच फसवते. कंठात घुर्घुर नाही, कफाचा इतिहास नाही, तरी श्वासकुठार आणि सितोपलादी सुरू होतात व मोलाचे आठवडे निघून जातात. वस्तुतः भेद ओळखण्यास यंत्र लागत नाही. रुग्णास सोसेल तेवढा मागे रेलवून पोटाकडे पाहावे. श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत ओढले जात असेल, तर श्वासपटल थकले आहे. वाणी शाबूत असल्यास एका श्वासात मोठ्याने अंक मोजण्यास सांगावे. विसापर्यंतही पोहोचत नसेल तर त्याच आठवड्यात श्वसनरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्यातील आकडा बराच उशिरा खाली येतो.

पाठवायचे कशासाठी? 'असाध्य म्हणून सांगितले आहे, तेथे तरी काय करणार' असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. २००६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील ४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसनदौर्बल्य दिसू लागल्यावर काहींना मुखवट्याद्वारे श्वसनसाहाय्य, म्हणजे आपल्याकडे बायपॅप म्हणतात तशा यंत्राचे, दिले गेले. इतरांना दिले नाही. गिळण्याबोलण्याच्या पेशी फार बाधित नव्हत्या, अशा गटात साहाय्य मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य २१६ दिवस भरले, न मिळालेल्यांचे ११. ज्यांच्या त्या पेशी अतिशय बाधित होत्या त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण झोपेशी निगडित त्रास कमी झाला. रिलुझोल या औषधाने लाभणारा काळ साधारण दोन-तीन महिन्यांचा मानतात, हे शेजारी ठेवून पाहावे. चरकांनी असाध्यातही याप्य असा भेद केला आहे. योग्य उपचार चालू असेतो तगणारा, असा त्याचा अर्थ. बायपॅप हे यापनच आहे.

घरी सिलिंडर आणून नुसता प्राणवायू लावणे हा मात्र त्याला पर्याय नव्हे. (येथे प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन, पंचवायूंतील प्राण नव्हे; हा शब्दसंकर आपल्या चर्चांत उगाच घोटाळे माजवतो.) येथे उणीव हवेतल्या ऑक्सिजनची नसून भाता हलविणाऱ्या बळाची आहे. श्वासाला आधार न देता ऑक्सिजन वाढवला तर कर्बवायू आणखी साठून रुग्ण ग्लानीत जाऊ शकतो.

आता आपल्या घरातील गोष्ट. शिरोधारेसाठी किंवा सर्वांग अभ्यंगासाठी अशा रुग्णास पाऊण तास द्रोणीत उताणे ठेवणे घातक आहे. अभ्यंग करावयाचाच तर टेकवून, थोडा वेळ. गिळताना ठसका लागणाऱ्यास नस्य व गंडूष देऊ नये. श्वासमार्गात उतरलेले तेल फुप्फुसात राहते आणि क्षीण खोकल्याने ते बाहेर येत नाही. वमनाचा तर विचारही नको. भस्त्रिका, कपालभाती सांगण्याचा आग्रह अलीकडे फार वाढला आहे. थकलेल्या पेशीला व्यायामाने बळ येते हा नियम या व्याधीत लागू पडत नाही. झोपेसाठी निद्राकर औषधे देताना तर हात आखडताच हवा.

खोकल्याचे बळ गेल्यावर अंबू बॅगने श्वासावर श्वास भरून मग खोकण्यास शिकवता येते. फिजिओथेरपिस्ट हे नातेवाइकांना सहज शिकवतात. नळीने अन्न द्यावे लागेल असे दिसत असल्यास तो निर्णय श्वसनक्षमता फार घसरण्यापूर्वी व्हावा, कारण नंतर ती छोटी शस्त्रक्रियाही जोखमीची होते. ग्रामीण भागात यंत्र घेताना वीज गेल्यावर ते कशावर चालेल, हे त्याच दिवशी विचारावे.

आणि एक अवघड संभाषण. पुढे मुखवटा पुरेनासा झाला तर गळ्याला छिद्र पाडून कायम यंत्रावर राहायचे की नाही, हे रुग्णालाच विचारायला हवे, त्याची वाणी आहे तोवर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. कुटुंब अनेकदा वैद्यापुढे जेवढे मोकळे होते तेवढे अतिदक्षता विभागाच्या दारात होत नाही. म्हणून हा विषय आपणच काढावा, आणि तोही पहिल्या दोन-तीन भेटींतच.