कामाचा दिवस सगळ्यांनाच हवा



माझा पुतण्या दहावीला गणितात नापास झाला. शाळेत सांगितलं, "याचं डोकं चालत नाही." त्याच पोरानं आमच्या विहिरीवरचा स्टार्टर खोलून जळालेली कॉइल बदलली होती. मग चूक पोराची, की शिकवण्याच्या रीतीची?

शिरूर तालुक्यातलं पाबळ हे कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून तिथं आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलामुलींना तिथं काम करता करता विज्ञान शिकवू लागले. पुढं हीच रीत खेड्यातल्या साध्या हायस्कुलांतही गेली. आठवड्यातला एक दिवस कामाचा. लोखंडकाम-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, घर व आरोग्य, सगळं थोडं थोडं. शिकवायला गावातलेच कारागीर, आणि मुलं करतील ते काम गावाच्या उपयोगाचं. पायाची आखणी करताना ३-४-५ च्या मापानं दोरी ताणून काटकोन काढला, की पायथागोरस घोकावा लागत नाही. कलबाग २००३ साली गेले. काम मात्र थांबलं नाही.

कोणी म्हणेल, "पोरं शिकवायची ती काय फिटर करायला?" प्रश्न रास्त आहे. हा दिवस नापासांपुरता आणि गरिबांपुरता ठेवला, तर ती नवी बलुतेदारीच होईल. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तो सगळ्यांना हवा. पहिला नंबर काढणाऱ्या मुलीला हवा, तोडणी मजुराच्या मुलाला हवा आणि संचालकांच्या चिरंजीवांनाही हवा. पुढं कोणी डॉक्टर होवो की शेतकरी, हाताला काम ठाऊक असलेलं बरं.

आपल्याकडे कमी काय आहे? वर्कशॉप आहे, माती परीक्षणाची सोय आहे, निवृत्त फिटर-वेल्डर घरी बसून आहेत. गळीत हंगाम संपला की आठवी-नववीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस बोलवावं. चालू यंत्रांपासून लांब, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. खर्च फार नाही. मन मोठं पाहिजे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. पटत नसेल त्यांनी उभं राहून विरोध करावा. पटत असेल त्यांनी अनुमोदन द्यावं आणि पहिल्या दिवशी आपलंच पोर पाठवावं.

— एक ऊस उत्पादक सभासद