कालचा एनएसटी चांगला होता, तरी आज जा

बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, पोटात जुळं, बाळाची वाढ कमी, किंवा आधीचं बाळ पोटातच गेलेलं. यातलं काहीही असलं की कार्डावर 'अतिजोखमीची माता' असं लिहिलं जातं आणि शेवटच्या महिन्यांत एनएसटीच्या, म्हणजे बाळाच्या ठोक्यांच्या तपासणीच्या, फेऱ्या सुरू होतात. पोटाला दोन पट्टे बांधतात. एकाखालची चकती थंडगार जेल लावून बाळाचे ठोके टिपते, दुसरीला पोट कडक झालेलं कळतं. हातात बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. वीसेक मिनिटांनी कागद बाहेर येतो, डॉक्टर 'ठीक आहे' म्हणतात आणि घर निर्धास्त होतं.

ते 'ठीक आहे' त्या वेळेपुरतं असतं. ही तपासणी पुढच्या आठवड्याची हमी नव्हे. वार अचानक सुटली, नाळेवर दाब आला, तर आदल्या दिवशीच्या कागदात त्याची खूण सापडेलच असं नाही. म्हणून बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर काल एनएसटी चांगला आला असला तरी आज पुन्हा जा. रात्र असली तरी जा. 'शेवटी शेवटी जागा पुरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं' हे घरोघरी ऐकू येतं आणि ते चूक आहे. 'काहीतरी गोड खा, मग हलेल' म्हणत सकाळची संध्याकाळ करू नका. बाजारात मिळणारं ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटावर ठेवून समाधान मानणं तर त्याहून वाईट. त्यात कधी आईचीच नाडी ऐकू येते आणि बाळाची समजून सगळे झोपी जातात.

काही दवाखान्यांत आता हा कागद संगणकही वाचतो. गरज का पडली? एकच आलेख दोन डॉक्टर वेगळा वाचतात. काही दिवसांनी दाखवला तर एकाच डॉक्टरचंही स्वतःशी जमत नाही. ऑक्सफर्डला जेफ्री डॉज आणि ख्रिस्तोफर रेडमन यांनी हजारो आलेखांवरून नियम बसवले. ठोके मिनिटाला 110 ते 160 आहेत, एवढ्यावर हा संगणक थांबत नाही. निरोगी बाळाच्या ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं. तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा, डोळ्यांना कुठून दिसणार! हा आकडा तीनच्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात.

या नियमांतले सगळे निकष जुळले तर संगणक दहा मिनिटांतही मोकळं करतो. नाहीतर तासभर चालू ठेवावं लागतं. पोटातलं बाळ वीस-चाळीस मिनिटं गाढ झोपतं, म्हणून सिस्टरच्या मागे घाई लावू नका. आणि 'निकष जुळले नाहीत' म्हणजे लगेच सिझेरियन नव्हे. डॉक्टर डॉपलर, गर्भजल, किती दिवस भरलेत, हे सगळं बघून ठरवतात. 'आकडा किती आला आणि आता पुढे काय?' असं जरूर विचारा. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा, त्यांनी दोनतीन दिवस आलेख सपाट येऊ शकतो.

संगणक नाही म्हणून गावचा दवाखाना सोडून धावू नका. डोळ्यांनी वाचण्यापेक्षा संगणकाने वाचल्याचा फायदा दिसला आहे खरा, पण असे अभ्यास दोनच आणि त्यांतल्या बायका पाचशेच्या आत. शिवाय ऑक्सफर्डचे हे नियम कळा सुरू होण्याआधीचे आहेत. कळा चालू असताना इशारा देणारा वेगळा संगणक ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 46 हजारांहून जास्त बायकांवर तपासला गेला. 2017 साली निष्कर्ष आला, बाळांना जास्तीचा फायदा दिसला नाही. संगणकाच्या नावाने महाग पॅकेज घेण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवेत, एकट्या नवऱ्याच्या नव्हे. बाळंतपणाला माहेरी निघालात तर साडीआधी फाइल भरा. तिथल्या डॉक्टरांना जुने आलेख हवेच असतात. हा कागद बहुतेकदा उष्णतेने काळा पडणारा असतो, काळाने फिकाही होतो. लॅमिनेशन करू नका, मिळाल्याबरोबर फोटो काढून ठेवा आणि त्यावर तारीख-वेळ नीट दिसते ना, तेवढं बघा.