ग्रंथकाराच्या कपाटांचे पुढे काय होते?

एखादा ग्रंथकार दिवंगत झाला म्हणजे शोकसभा भरते, गौरवपर लेख छापून येतात, रस्त्यास नाव देण्याचा ठरावही क्वचित होतो. आणि वर्ष लोटते न लोटते तोच त्याने जन्मभर पदरमोड करून जमविलेली पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूवर चढतात. दोष सर्वस्वी वारसांचा, असे म्हणावयास आम्ही तयार नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार माणसांनी राहावयाचे की चार हजार पुस्तकांनी, हा प्रश्न शहरातील गृहस्थापुढे खरोखरच उभा असतो.

परंतु यात बुडते काय, ते नीट पाहिले पाहिजे. सुटे पुस्तक बाजारात दुसरे मिळेल. समासातील टिपा, मध्ये घातलेले खुणेचे कागद, कोणत्या ग्रंथाशेजारी कोणता ग्रंथ ठेविला होता तो क्रम, ही दुसरी मिळावयाची नाहीत. व्यापारी वाचकांस हे समजाविण्याचे कारण नाही. पेढीची खतावणी सुटी करून तिची पाने गावोगाव विकली, तर प्रत्येक पान शाबूत असूनही हिशेब बुडालाच की नाही?

ज्यांनी वेळीच सोय केली त्यांचे संग्रह टिकले. १९१७ साली जुलैच्या ६ तारखेस डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावाची संशोधनसंस्था पुण्यात निघाली. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी तिच्याच स्वाधीन केला. डॉ. आंबेडकरांनी दादरचे 'राजगृह' बांधले ते मुख्यत्वे पुस्तकांस जागा हवी म्हणून, आणि पुढे पुष्कळ पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयास दिली. इतिहासाचार्य राजवाडे यांना घरदार असे नव्हतेच. १९२६ अखेर ते धुळ्यास वारले, तेव्हा त्यांची दप्तरे सांभाळण्यास धुळेकरांनी त्यांच्या नावाचे मंडळ काढले. एका जिल्ह्याच्या गावाने केलेले हे काम मोठमोठ्या शहरांस लाजविणारे आहे. उलट दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ साली पुण्यात वारले आणि त्यांचा संग्रह आज पाहावयाचा तर दिल्लीस, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जावे लागते. तेथे तो सुरक्षित आहे, हे आपले भाग्य, कर्तृत्व नव्हे.

संस्थेच्या दारात गाठोडी नेऊन टाकली म्हणजे काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला व ग्रंथांची नासधूस झाली. त्या दिवशी सारा देश हळहळला. बिनयादीची कपाटे कुलपात वाळवी खात असतात, त्यांबद्दल कोण हळहळतो? दात्यास आपल्या नावाची पाटी हवी असते, ग्रंथपालास जागा नसते, आणि किल्ली कोणाकडे आहे याचा पत्ता शिपायासही नसतो. यादी नसलेले दान म्हणजे पावती नसलेली ठेव होय.

म्हणून आमची सूचना अशी की, ग्रंथकाराने हयातीतच संस्था ठरवून तसे लेखी करून ठेवावे, आणि संस्थेने पुस्तकांबरोबर त्यांची यादी व निगेचा खर्च मागून घेण्यास लाजू नये. दुबार प्रती विकण्याची मोकळीक तिला द्यावी. पण टिपा असलेली प्रत कदापि विकू नये. हा खर्च कोणी द्यावयाचा? नव्या दुकानाच्या उद्घाटनास फुलांच्या कमानी उभारणारे व पुतळ्यांस वर्गणी देणारे दाते आमच्या बाजारपेठांत थोडे नाहीत. एका होतकरू विद्यार्थ्याचा वर्षभराचा पगार त्यांपैकी कोणी उचलला, तर एका संग्रहाची यादी पुरी होईल. पेठेतील व्यापारी मंडळाने पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, आणि कोणा वृद्ध लेखकाचे घर जवळ असेल तर पावसाळ्यापूर्वीच तेथे जाऊन कपाटे पाहून यावे.