वेंधळेपणाला औषध असते तेव्हा

आपल्या भाषेत वेंधळ्या माणसासाठी शब्दांचा तुटवडा नाही. धांदरट, विसरभोळा, उतावळा. शिवाय ‘याचे लक्षच नसते’ हे घरोघरी चालणारे वाक्य आहेच. पोरांना हे शब्द लागतात तोवर कोणी मनावर घेत नाही. चाळिशीच्या माणसाला लागले की नोकरीवर गदा येते, संसार विस्कटतो, आणि तरीही दोष त्याच्या स्वभावाचाच धरला जातो.

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे अशी माणसे मी जवळून पाहिली. एक कॅशियर होते. हिशेबाला हुशार, लबाडी अंगात नाही, पण संध्याकाळी रोकड जुळायची नाही. नोटा मोजताना काउंटरपलीकडून कोणी हाक मारली की मोजणी कुठवर आली ते गेलेच. व्हाउचर डे बुकात चढायचे राही, किल्ल्या एकीकडे, चष्मा तिसरीकडे. कमी पडलेली रक्कम त्यांनी कितीदा पदरची भरली! हेच गृहस्थ बिघडलेला रेडिओ उघडून बसले की जेवणाची शुद्ध राहत नसे. मग साहेब म्हणत, ‘मनात आणलं तर जमतंय की!’ त्यांना आजार होता असे मी म्हणत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण तपासून घ्या, असे सुचवणारेही कोणी नव्हते.

या आजाराला आता एडीएचडी म्हणतात. तो मुलांचा, मोठेपणी आपोआप सुटणारा, अशी समजूत बरीच वर्षे होती. पुष्कळांचा तो सुटत नाही. जगभरच्या पाहण्यांवरून प्रौढांत शंभरामागे दोन-तीन जणांना तो असावा. मात्र त्याची लक्षणे बालपणापासून असावी लागतात. बारा वर्षांच्या आत ती दिसलेली हवीत, असे २०१३ च्या अमेरिकन निकषांत म्हटले आहे. मोबाइलपायी पन्नाशीत उडालेले लक्ष म्हणजे हा आजार नव्हे.

यावरचे औषध उत्तेजक वर्गातले आहे, आणि गंमत इथेच सुरू होते. अस्वस्थ माणसाला उत्तेजक द्यायचे? चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ साली मुलांना बेन्झेड्रिन दिल्यावर ती शांतपणे अभ्यासाला बसू लागल्याचे नोंदवले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रिटा, म्हणून औषध झाले रिटालिन! साध्या गोळीचा असर तीन-चार तास. आजार त्याने जात नाही; चष्म्याने डोळे बरे होत नाहीत तसेच. भूक मंदावते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आधी हृदयाची चौकशी करावी लागते.

आता आमच्या जळकोटचे पाहा. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, तुळजापूर तालुक्यातले हे गाव. २०१६ साली सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. २०२५ मध्ये तामलवाडीला एमडी सापडले आणि तालुका हादरला. अशा मुलखात ‘उत्तेजक’ हा शब्द उच्चारला की आईबाप दचकतात, आणि ते दचकणे मला मुळीच चुकीचे वाटत नाही. दोन्ही पदार्थ मेंदूतले डोपामाइन वाढवतात हे खरेच. फरक मात्रेचा, वेगाचा आणि देणाऱ्याच्या हेतूचा. नेमून दिलेली गोळी पोटातून हळूहळू चढते आणि डॉक्टर तिचा हिशेब ठेवतो. विक्रेता ठेवतो तो वेगळा हिशेब.

सरकारनेही तो कडक ठेवला आहे. हे औषध अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात आहे आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दोन वर्षे जपायची, माल कुलपात. बँकेत वाढलेल्या माणसाला ही पद्धत आवडावी, मला आवडते. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून गोळी मागणाऱ्या पोरांसाठी हे कुलूप हवेच. पण कुलूप असे नको की खऱ्या रोग्यालाही किल्ली मिळू नये. वर्षाला चार-दोन गोळ्यांसाठी इतकी दप्तरे कोण सांभाळणार, म्हणून लहान गावचा दुकानदार हा माल ठेवतच नाही. मग दर खेपेला सोलापूरची एसटी, बुडालेली मजुरी, आणि दोन महिन्यांनी उपचार बंद. ज्याला वेळेचे भान राहत नाही त्याच्याकडूनच आपण इतक्या वेळा पाळायची अपेक्षा करतो!

माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ यावा, आणि ही औषधे तिथल्याच कपाटात, रजिस्टरसह असावीत. उत्तेजक नको असेल त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिनही आहे. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. कोणत्या दवाखान्यात जावे, एवढे तरी तिथे विचारता येते.

डॉक्टरांकडे जाताना शाळेचे जुने प्रगतिपुस्तक ट्रंकेत सापडले तर बरोबर न्यावे. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा गुरुजींनी लाल शाईत लिहिलेला असेल, तर डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.